सतरा नंबरचा दिवा

सहदेव खवणेकराचं नाक म्हणजे काय चीज होती, ते आज सांगून पटायचं नाही. बावीस वर्षं त्याने लालबागच्या एका गिरणीत ब्लो-रूमला काढली. कापसाच्या गाठी फोडून पिंजतात ते हे खातं. गाठीत कुठे लोखंडाचा तुकडा राहून गेला आणि मशीनच्या दात्यात सापडला, की ठिणगी उडते आणि कापूस आतल्या आत धुमसायला लागतो. वरून बघाल तर काही नाही. सहदेव मात्र दहा हातांवरून नाक वर करायचा, सरळ चालत जायचा आणि ढिगात हात घालायचा तो नेमका धुमसत्या जागी. खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, त्याला म्हणायचा, तू रजेवर गेलास की मला रात्री झोप लागत नाही. अशी तारीफ झाली की सहदेव मान खाली घालायचा आणि दिवसभर खूश असायचा.

मग ब्याऐंशीचा संप झाला. त्या संपाबद्दल मी काही सांगत बसणार नाही. ज्यांच्या घरावरून तो गेला त्यांना माहीत आहे, आणि बाकीच्यांनी तेव्हाही ऐकून घेतलं नाही. सहदेवने दोन वर्षं वाट बघितली, गावी जाऊन आला, परत आला. शेवटी परळची खोली सोडून बायको सुगंधा आणि एकुलती मुलगी मीरा यांना घेऊन चारकोपला सेक्टरातल्या दीड खोलीत राहायला आला. तिथून दहा मिनिटांवर चार मजल्यांची एक इंडस्ट्रियल इस्टेट नुकतीच उभी राहिली होती. खाली लोखंडाची कामं, वर फोम, रेक्झिन, प्लास्टिक, शिलाई, असे छोटे छोटे गाळे. तिथे त्याला वॉचमनची नोकरी लागली. ब्लो-रूमचा माणूस गेटावर खाकी शर्ट घालून बसला. पहिले काही महिने कोणी ओळखीचं दिसलं की तो केबिनच्या आत सरकायचा.

त्याला पुन्हा माणसात आणलं ते श्यामसुंदर पै याने. हा तिसऱ्या मजल्यावर गाळा घेऊन बसलेला तरुण इंजिनिअर. जाड चष्मा, शर्टावर कायम चहाचा डाग, आणि डोक्यात एकच वेड. इमारतीत आग लागली की ती कळवणारी यंत्रणा तो बनवत होता, आणि तीसुद्धा बिनतारी. छताला एक वाटीएवढी पेटी लावायची. धूर लागला की पेटी रेडिओवरून खबर देणार, आणि खाली केबिनमधल्या पॅनेलवर त्या नंबरचा लाल दिवा लागून घंटा वाजणार. मध्ये वायर नाही, भिंती फोडायला नकोत. लोक त्याला हसायचे. त्याने इस्टेटीच्या कमिटीच्या हातापाया पडून चोवीस पेट्या फुकटात चारही मजल्यांवर लावल्या, निदान चाचणी तरी होऊ दे म्हणून. आणि पॅनेल लावलं सहदेवच्या केबिनमध्ये, त्याच्या खुर्चीच्या डोक्यावर.

सहदेवचा त्या पॅनेलवर असा काही जीव जडला की बोलायची सोय नाही. प्रत्येक पेटीच्या बुडाला एक बारीक बटण होतं. रोज सकाळी हा काठी घेऊन चारही मजले फिरायचा आणि एकेक बटण टोचायचा. खाली कोणाला तरी दिवे बघायला बसवायचा. याला तो हजेरी घेणं म्हणायचा. गिरणीत त्याची हजेरी लागायची, आता तो चोवीस जणांची लावत होता. एक गोष्ट त्याच्या लवकरच लक्षात आली. धुराने लागलेला दिवा ठाम लाल राहतो. धूर आहे तोवर पेटी दर दोन-चार सेकंदांनी खाली खबर देतच असते. बोटाने लागलेला दिवा मात्र बटण दाबलं की लागतो, सोडलं की जातो. श्यामसुंदरला हे त्याने सांगितलं तेव्हा तो म्हणाला, खवणेकर, हे तर मीसुद्धा ध्यानात घेतलं नव्हतं. झालं, सहदेव पुढचे आठ दिवस हवेत.

दुसरं सुख म्हणजे मीरा. मॅट्रिक झाल्यावर ती श्यामसुंदरच्याच गाळ्यात सोल्डरिंगला लागली. त्या चोवीसांतल्या निम्म्याअधिक पेट्या तिच्या हातच्या. सतरा नंबर तर पहिला टाका ते शेवटचा टाका तिचाच, आणि तो लावलाही होता तिच्याच गाळ्यात, मागच्या खोलीत. रोज नऊला वर गेली की ती स्टुलावर चढून सतराचं बटण दाबायची. खाली घंटा वाजली की सहदेव केबिनबाहेर येऊन वर बघून हात करायचा. एकोणीस वर्षांची पोर आणि पन्नाशी ओलांडलेला बाप, पण खेळ रोजचा.

श्यामसुंदरने पहिल्या दिवशी एकच ताकीद दिली होती. काहीही होवो, पॅनेल बंद करायचं नाही. सहदेवने ती अशी पाळली की केबिनमध्ये झाडू मारायलाही तो कोणाला येऊ देत नसे.

आता ऐका. अठ्ठ्याऐंशी सालची खंडेनवमी. हत्यारांची, यंत्रांची पूजा. गिरणीत त्या दिवशी पट्टे उतरवून ठेवायचे, मशीन पुसून काढायचं, फुलं वाहायची, आणि दिवसभर कोणी चाकाला हात लावायचा नाही. बाराही महिने राबणाऱ्याला एक दिवस विसावा. बावीस वर्षं सहदेवने हे निगुतीने केलं होतं. सहा वर्षं झाली, त्याच्या हाती पूजा करण्याजोगं काही नव्हतंच. गेल्या वर्षी पॅनेल नवं होतं, त्याने लांबूनच नमस्कार केला होता. या वर्षी सकाळपासून इस्टेटीत धूप, उदबत्त्या, नारळ. प्रत्येक गाळ्यातली यंत्रं बंद, झेंडूच्या माळा घालून बसलेली. आणि सहदेवच्या डोक्यावर ते पॅनेल, हिरवा दिवा लावून आपलं कामावर. त्याला ते बघवेना. सगळ्यांना सुट्टी आणि यालाच नाही, हे कुठलं माणुसकीचं?

ताकीद त्याला आठवत होती हो. तो काही मूर्ख नव्हता. पण त्याने मनाशी हिशेब मांडला की दुपारी एकला सगळे गाळे बंद होणार, मशीन एकही चालत नाही, इमारतीत माणूस नाही, तर आग लागणार कशाने? आणि मी इथे आहे, माझं नाक आहे. त्याने प्लग काढला. आत बॅटरी होती, तिची लाल वायर सोडवली. हिरवा दिवा गेला. मग त्याने कोरड्या फडक्याने पॅनेल पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि हात जोडले. चांगल्या मनाने केलं त्याने. मला याचाच राग येतो. हरामखोरी केली असती तर शिव्या घालून मोकळं तरी होता आलं असतं.

एकच्या सुमाराला गाळे बंद झाले. पोरींचा घोळका हसतखिदळत गेटातून गेला. त्यात मीरा असणारच, असं सहदेव धरून चालला. ती नव्हती. गाळा झाडणाऱ्या सोनूबाईचे गुडघे धरले होते आणि पूजेची, जेवणाची भांडी घासायची राहिली होती. म्हणून मीरा तिच्या मदतीला मागे थांबली होती.

दुसऱ्या मजल्यावर फोमच्या गाळ्यात मशीनपुढे समई लावलेली होती. देवापुढचा दिवा फुंकून विझवत नाहीत, तेल संपेल तसा आपला आपण शांत होऊ द्यायचा. त्यांनी तो तसाच ठेवला, कुलूप लावलं आणि घरी गेले. समईशेजारी झेंडूची माळ, माळेमागे फोमच्या वळकट्या. पुढचं काय सांगायचं.

सहदेव खाली खुर्चीत बसला होता. त्याला वास आला नाही का? आला. पण सकाळपासून वीस गाळ्यांचा धूप त्याच्या नाकात बसला होता. कुठेतरी अजून धुमसतंय, विझेल, असं म्हणून तो पेपर वाचत राहिला. बावीस वर्षांत जे नाक एकदा चुकलं नव्हतं ते त्या दिवशी चुकलं. सव्वातीनला वर काचा फुटल्याचा आवाज झाला. तो बाहेर धावला तर दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांतून काळा लोळ बाहेर पडत होता.

त्याने आरडाओरडा केला. समोरच्या टपरीवरची माणसं धावली, एकाने मेन स्विच पाडला, एक जण बंबाला फोन करायला पळाला. सहदेव सगळ्यांना सांगत होता, घाबरू नका, आत कोणी नाही. तीनदा-चारदा सांगितलं त्याने. मग केबिनमध्ये शिरला. कशाला शिरला, ते त्यालाही पुढे सांगता येईना. आग किती पसरली ते बघायला असेल, नाहीतर हाताला सवय होती म्हणून. त्याने बॅटरीची लाल वायर जागेवर टेकवली.

पॅनेल एकदम किंचाळायला लागलं. आठ, नऊ, दहा, अकरा, बारा लाल. पंधरा, सोळा लाल. सगळे ठाम. आणि त्यांच्या पुढे सतरा. सतरा लागला, गेला. लागला, गेला. परत लागला.

सहदेव बघत राहिला. धूर असा लागत-जात नाही. हे बोट होतं, आणि हे बोट कोणाचं ते त्याला रोज सकाळी नऊला माहीत असायचं. झेंडूची माळ अजून पॅनेलवर होती, तिच्या आड तो दिवा उघडझाप करत होता.

पुढचं त्याला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. जिन्यात धूर इतका की हात पुढे केला तर हात दिसेना. दोनदा तो आत शिरला आणि दोनदा लोकांनी ओढून काढला. बंब आला तेव्हा त्याने बंबवाल्याचा पट्टा धरला आणि एकच वाक्य म्हणत राहिला, तिसरा मजला, मागची खोली, माझी मुलगी आहे. त्यांनी शिडी मागे, खाडीच्या बाजूला नेली आणि खिडकीचं ग्रिल कापलं. मीराला खाली आणलं तेव्हा तिचा श्वास चालू होता. सोनूबाईचा नव्हता.

मीराच्या घशात आणि छातीत गरम धूर गेला होता. महिना इस्पितळात काढावा लागेल, आवाजाचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ती पाटीवर लिहून बोलायची.

इकडे इस्टेटीत सहदेवचा जयजयकार. बिनतारी पेटीने पोरीचा जीव वाचवला, आणि त्या दिव्याचा अर्थ ओळखणारा खवणेकर म्हणजे बहाद्दर माणूस. श्यामसुंदर तर गळ्यात पडून रडला. कमिटीने शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं. घंटा वाजली, सगळ्यांनी ऐकली. किती वाजता वाजली, हे मात्र कोणी विचारलं नाही. वायर जागेवर होती, दिवे चालू होते. सहदेवने तोंड उघडलं नसतं तर ही गोष्ट त्याच्याबरोबर गेली असती. आणि त्याने आठ दिवस तोंड उघडलं नाही, हेही सांगायला हवं. सुगंधाने डबा पुढे ठेवला की तो दोन घास खायचा आणि उठायचा. तिला वाटायचं, पोरीच्या काळजीने.

नवव्या दिवशी सोनूबाईचा मुलगा नंदू इस्पितळात आला. दिंडोशीला राहायचा, रिक्षा चालवायचा. आईचे दिवस अजून चालू होते, दाढी वाढलेली. त्या दुपारी वर काय झालं, एवढंच त्याला हवं होतं. मीराने पाटीवर लिहायला घेतलं. पाटी भरली की पुसायची, परत लिहायची. श्यामसुंदर शेजारी उभा राहून वाचून दाखवत होता.

तिने लिहिलं ते असं. पावणेतीनच्या पुढे जिन्यात धूर दिसला. पातळ होता. सोनूमावशी म्हणाली, पदर तोंडाला लाव आणि उतर. मी म्हटलं, नको, बटण दाबते, बाबा खाली आहेत, घंटा वाजली की बाबा येतीलच. मावशी ऐकेना, निघाली होती. मी तिचा हात धरून आत घेतलं आणि दार लावून घेतलं. फटीत ओलं फडकं लावलं. तीनला दहा कमी असताना पहिल्यांदा बटण दाबलं. मग दाबतच राहिले. बाबा आले नाहीत.

नंदूने पाटी स्वतःकडे वळवली. मग हळू आवाजात म्हणाला, "ती निघाली होती ना? मग का धरून ठेवलीस गं माझ्या आईला?"

मीराच्या तोंडून आवाज फुटेना. नुसतं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि डोळ्यांतून पाणी. नऊ दिवस ती हेच स्वतःला विचारत होती, हे सहदेवला तेव्हा कळलं. तो रोज तिच्या उशाशी बसत होता आणि त्याला कळलं नव्हतं. सोनूबाई तिच्यामुळे गेली, असं ती धरून बसली होती. आणि तो गप्प राहिला असता, तर जन्मभर धरून बसली असती.

सहदेव उठून उभा राहिला. सगळी मुंबई अंगावरून गेली तरी असा प्रसंग आला की त्याच्या तोंडी गावचीच भाषा यायची.

"तिका नको विचारू," तो नंदूला म्हणाला. "तिचो काय दोष नाय. पेटी बंद होती. मीच बंद केलंय. खंडेनवमी होती, मशीनीक एक दीस विसावो दिलंय. सव्वातीनाक चालू केलंय."

श्यामसुंदरचा हात बेडच्या दांडीवर होता, तो तसाच राहिला. त्याने एकदा चष्मा काढला, परत घातला. मीराने बापाकडे बघितलं. असं बघितलं की सहदेवला वाटलं, वर शिडीच लागली नसती तर बरं होतं, आणि असं वाटल्याची त्याला पुढे कित्येक वर्षं लाज वाटत राहिली. तिने पाटी पुसली, उशाखाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. पुढचे पाच दिवस तिने पाटीला हात लावला नाही.

शाल-श्रीफळ राहिलं ते राहिलंच. पोलिसांनी जबाब घेतला. आग काही त्याने लावली नव्हती, म्हणून त्यांनी तो विषय तिथेच सोडला. कमिटीने त्याला काढायचा ठराव केला आणि नंदूला बोलावलं, त्याचंही समाधान व्हावं म्हणून. नंदू सगळं ऐकून घेऊन म्हणाला, याला घरी पाठवू नका. घरी काय, पडून राहील. याला तिथेच बसवा, त्या पेटीखाली. रोज. एवढं बोलून तो उठून गेला, आणि त्याच्यापुढे बोलायची कोणाची छाती झाली नाही. सहदेव तिथेच बसला.

वर्षभरात इमारतीची डागडुजी झाली, पेट्या परत लागल्या. पॅनेलच्या प्लगवर श्यामसुंदरने लाकडी खोका ठोकून कुलूप घातलं. किल्ली सहदेवला दिली नाही, आणि सहदेवने मागितली नाही. मीरा कामावर परतली. आवाज आला होता, पण घोगरा, हातभर अंतराच्या पुढे न पोचणारा. घरात ती बापाशी कामापुरतं बोलायची. चहा झालाय, छत्री घ्या, असं. सकाळी नऊचा सतराचा खेळ बंद होता. हजेरीची काठी घेऊन सहदेव तिच्या गाळ्यात गेला की ती सोल्डरिंगवरून मान वर करत नसे.

पुढच्या खंडेनवमीला परत यंत्रं बंद, परत झेंडू. फोमवाल्यांनी या खेपेला समईजवळ माणूस बसवला होता. सहदेवने पॅनेलला फूलही वाहिलं नाही. पाठ ताठ करून त्याच्यासमोर बसून होता. एक वाजला, पोरी गेल्या. त्याने एकेक तोंड मोजलं. मीरा नव्हती. त्याला वर जाऊन बघायचा धीर झाला नाही.

तीनला दहा कमी असताना घंटा वाजली.

सतरा. लागला, गेला. लागला, गेला.

सहदेवची खुर्ची मागे पडली. चपला तिथेच राहिल्या. तीन मजले तो कसा चढला ते त्याच्या गुडघ्यांना माहीत. दम लागून डोळ्यांपुढे अंधारी आली होती, पॅसेजमध्ये तो दोनदा भिंतीला आपटला. मागच्या खोलीचं दार त्याने खांद्याने ढकललं.

धूर नव्हता. आग नव्हती. मीरा स्टुलावर उभी होती, बोट बटणावर. तिने बापाकडे बघितलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे. बटण सोडलं. सहदेव दाराची चौकट धरून धापा टाकत होता.

ती स्टुलावरून उतरली आणि त्याच्या अगदी जवळ आली, कारण त्याशिवाय तिचा आवाज पोचला नसता.

"दीड मिनिट," ती म्हणाली. "एवढंच लागत होतं, बाबा."